वजनाच्या प्लेटा

१

विलेम कोस्त्रून मेला तेव्हा तो चिलखताच्या आत बसलेला होता. लष्करी पोलिसांतल्या मेजर बोहुमिला वाशुतोव्हाला नेमकं हेच गिळता येत नव्हतं.

लेस्कोव्हेच्या सराव-मैदानाच्या कडेला ती चिलखती गाडी ताडपत्रीखाली उभी होती. 'कुना' जातीची, नवी कोरी, पांढऱ्या रंगात १४ आकडा लिहिलेली. कुना म्हणजे गॅरेजात शिरून मोटारींच्या वायरी कुरतडणारं ते द्वाड जनावर. पूर्वेकडे युद्ध पेटल्यापासून युरोपातल्या सगळ्या राजधान्यांना अशा गाड्यांची घाई सुटली होती. प्रागनेही घाईघाईत कुना घेतल्या, आणि हिवाळ्याच्या तोंडावर मंत्र्यांच्या हस्ते बँडच्या सुरात त्या ब्रिगेडला दिल्या.

गाडीच्या डाव्या कुशीवर मागच्या बाजूला एक भोक पडलं होतं. वाशुतोव्हाने हातमोजा काढून त्यात बोट घातलं. बोट आरपार गेलं. पलीकडे विलेमची बैठक होती. तेवीस वर्षांचा पोरगा, वलाश्स्कोच्या डोंगराळ मुलखातला. सरावात तोफेच्या गोळ्याची किरच त्याच्या बरगड्यांतून गेली होती.

"लेफ्टनंट द्रलीकने गोळा कमी अंतरावर टाकला," जनरल ओल्द्रीख पालास म्हणाले. ही खरेदी त्यांच्याच हाताखाली झाली होती. बावनकशी माणूस म्हणून त्यांचा लौकिक होता, आणि महिन्याभरात ते ब्रसेल्सला मोठ्या हुद्द्यावर जायचे होते. "पोरगा नवखा आहे. अंतर चुकलं, गोळा गाडीच्या फार जवळ फुटला. इतक्या जवळून कुठलंही चिलखत टिकत नाही. अहवाल मी पाठवलाय. तुम्ही फक्त सही करा, मेजरबाई."

"आधी खड्डा बघते, मग सहीचं बोलू."

माटोउश द्रलीक बराकीत नजरकैदेत होता. तिने त्याला सोबत घेतलं. चिखलात तो पुढे चालत होता आणि तिच्याकडे बघत नव्हता.

"तुझं काय म्हणणं आहे?"

"माझं म्हणणं कुणी विचारलंच नाही."

"मी विचारतेय."

तो थांबला. समोर गोळ्याने उकरलेला खड्डा होता, आणि त्याच्या काठावर एक लाल झेंडी, दांडा मोडलेली. नेम धरण्यासाठी सरावाच्या आदल्या दिवशी रोवलेली.

"मी या झेंडीवर गोळा टाकणार होतो," द्रलीक म्हणाला, "आणि झेंडीवरच टाकला. दारं मिटलेली असली तर कुना याहून जवळ आलेलीही चालते. नियमपुस्तकात तसंच लिहिलंय, तिचं चिलखत धरूनच अंतर काढतात. एका हाताचाही फरक नाही, मेजरबाई. मग तो मेला कसा?"

वाशुतोव्हाने खड्ड्याकडे, झेंडीकडे आणि लांब ताडपत्रीखालच्या गाडीकडे पाहिलं. गोळा चुकला नव्हता. म्हणजे अहवाल खोटा होता, आणि दोष गाडीत होता.

२

पोलिसात येण्याआधी वाशुतोव्हा रणगाडे दुरुस्त करत असे. तिथे पहिल्याच आठवड्यात शिकवलेली एक गोष्ट ती विसरली नव्हती. अस्सल चिलखती पोलाद इतकं कडक असतं की त्यावर कानस घासली तर ती काचेवरून घसरावी तशी घसरते. साध्या पोलादात ती दात रोवते.

बटालियनच्या वर्कशॉपची प्रमुख रेनाता ओंद्रुश्कोव्हा ठेंगणी, बोलायला फटकळ बाई होती. तिने कानस दिली.

"रंग खरवडू नका हं. रंगाचा गवगवा करणारे पुष्कळ आहेत इथे."

"पोरगं मेलंय, रेनाता. रंगाचं काय घेऊन बसलीस."

रेनाता हात पुसून तिच्यामागे निघाली.

कुना गाड्यांचं बाहेरचं चिलखत बोल्टने बसवलेलं होतं, म्हणजे फुटलेली प्लेट बदलता यावी. वाशुतोव्हा आधी ४ नंबरच्या गाडीजवळ गेली. ती कारखान्यातून आधी आलेल्या गाड्यांच्या पहिल्या तुकडीतली, चाचणीत गोळ्या झेललेली. कानस सर्रकन घसरली, ओरखडासुद्धा उठला नाही. मग ती दुसऱ्या तुकडीतल्या १४ नंबरकडे आली. भोकाच्या शेजारी एकदा जोर लावून घासलं. कानशीचे दात रुतले, आणि चकचकीत भुगा तिच्या बुटांवर पडला.

रेनाताने वाकून भुगा चिमटीत घेतला.

"अगंबाई, हे तर खाटेच्या पायाचं लोखंड," रेनाता हळू आवाजात म्हणाली.

दुसऱ्या तुकडीतली प्रत्येक गाडी त्यांनी तपासली. सगळ्यांत तेच. जाडी बरोबर, वजन बरोबर, रंग बरोबर, आणि आत साधं लोखंड.

"हे आलं कुठून?" वाशुतोव्हाने विचारलं.

"वजनाच्या प्लेटा असतील," रेनाता म्हणाली. "गाडी चिखलात कशी चालते, नदी कशी उतरते, हे बघायला खरं चिलखत कशाला झिजवायचं? तेवढ्याच वजनाच्या साध्या प्लेटा लावून चालवतात. चाचणी संपली की त्या लष्कराच्या कोठारात जातात. खरं चिलखतही तिथूनच येतं. सरकारने चिलखत द्यायचं, कारखान्याने गाडीवर चढवायचं, असा करार आहे."

"कोठारातून कुठल्या पेट्या कारखान्याकडे जायच्या, हे कोण ठरवतं?"

रेनाताने तीन नावं सांगितली. कारखान्याचे प्रतिनिधी इंजिनिअर लुबोर स्कोपाल. गाड्या तपासून ताब्यात घेणारे कर्नल व्हीत बार्तोन. आणि जनरल पालास.

"त्या तिघांतल्या एकाने जाणूनबुजून पोरांना पत्र्याच्या डब्यात बसवलंय," वाशुतोव्हा म्हणाली. "हा भुगा बघितल्याचं कुणाला बोलू नकोस. ज्याला ठाऊक आहे त्याला वाटू दे, आपल्याला ठाऊक नाही."

३

स्कोपाल कँटीनमध्ये डम्पलिंग आणि कोबी खात बसला होता. जाडजूड, घामेजलेला, बोलताना काटा नाचवणारा.

"अहो मेजरबाई, उशीर झाला की खापर आमच्यावर, लवकर दिलं तरी खापर आमच्यावर. कोठारातून पेट्या येतात, आमचे कामगार उघडतात, बोल्ट आवळतात. चिलखत तुमचं. आमचं काय? इंजिन, चाकं, दारं."

"गाडीवर तुमचा भरवसा आहे?"

"भरवसा?" त्याने काटा खाली ठेवला. "माझी भाची दोरोता या बटालियनमध्ये नर्स आहे. दुसऱ्या तुकडीतल्या रुग्णवाहिकेत असते. बहीण रोज फोन करून रडायची. मी तिला सांगितलं, 'तुझ्या फ्लॅटपेक्षा पोरगी कुनात सुरक्षित आहे.' आता बहीण माझ्याशी बोलत नाही."

त्याने पुन्हा काटा उचलला, पण खाल्लं नाही.

कर्नल बार्तोन कपाळावर मोठं टेंगूळ घेऊन आपल्या खोलीत फेऱ्या मारत होता.

"मी प्रत्येक प्लेट मोजली, तोलली. माझ्यावर संशय घेताय का?"

"टेंगूळ कसलं?"

"सरावाच्या दिवशी टीव्हीवाल्यांना घेऊन १५ नंबरच्या गाडीत बसलो होतो, १४ च्या मागोमाग. खड्ड्यात आपटली, माझं डोकं छताला लागलं." तो खिडकीकडे वळला. "कोस्त्रूनला बाहेर काढायला मी धावलो. माझ्या कोटाला त्याचं रक्त लागलं होतं. आणखी काय विचारायचंय?"

"मोजली, तोलली म्हणता. ती कशाची बनलीय ते पाहिलं?"

बार्तोनचा चेहरा उतरला. "पेटीवर शिक्का होता," तो म्हणाला.

वाशुतोव्हाला त्याच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला. माणूस चोर नसला तरी शिक्क्यावर डोळे मिटून बसला होता, आणि त्याच्या मिटल्या डोळ्यांपायी एक पोरगा गेला होता. ती बाहेर पडली.

जनरल पालासांनी तिला कॉफी दिली आणि तिचं मोकळेपणाने ऐकून घेतलं. गोळा झेंडीवरच पडलाय, गाडी बघावी लागेल, एवढंच ती बोलली.

"तुमचा राग मला समजतो," ते म्हणाले. "मी स्वतः त्याच्या आईला भेटून आलो. पण कारखान्याचे लोक नफ्यापायी काय करतील सांगता येत नाही. तुम्हाला गाडीबद्दल शंका असेल तर स्कोपालचं मानगूट धरा. मी आड येणार नाही."

"सरावाच्या वेळी आपण कुठे होता?"

"मनोऱ्यावर. पाहुण्यांबरोबर."

यात वावगं काही नव्हतं. जनरल मनोऱ्यावरच असतात. तरीही जिना उतरताना तिला वाटत राहिलं, या माणसाने गाडीचा दोष मान्य करायला फारच थोडा वेळ घेतला. सकाळी तर दोष द्रलीकचा होता.

४

विलेमच्या पथकातली पोरं बराकीच्या मागे पाण्याची पिंपं धूत होती. वाशुतोव्हा पिंपावर बसली आणि तिने सिगरेटचं पाकीट पुढे केलं. पाकीट फिरलं.

"विलेम कसा होता?"

"कटकट्या," एकजण म्हणाला, आणि बाकीचे कसनुसं हसले. "जेवणावर कटकट, थंडीवर कटकट. शेवटची कटकट बैठकीवरून. म्हणे, चारमध्ये माझी ऊबदार जागा होती, चौदामध्ये पाय गारठतात."

वाशुतोव्हाने सिगरेट खाली घेतली. "चारमध्ये? तो चारमध्ये बसायचा?"

"कायम. सरावाच्या आधी अदलाबदल झाली. तो श्तेपानच्या जागी गेला, श्तेपान त्याच्या."

सगळ्यांनी एका उंच, तांबूस केसांच्या पोराकडे बघणं टाळलं. तो सर्वांत टोकाला उभा राहून एकच पिंप पुन्हापुन्हा घासत होता.

श्तेपान रिशावीला तिने बाजूला नेलं.

"अदलाबदल तू मागितलीस?"

"नाही. कंपनी कमांडर म्हणाले, वरून फोन आलाय. कारण सांगितलं नाही." त्याने ओले हात विजारीला पुसले. "ती जागा माझी होती, मेजरबाई. मी मेलो असतो. पोरं माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना वाटतं मी वशिला लावला."

"लावला नाहीस?"

"मी कुणाला काही म्हटलं नाही. फक्त धर्मपित्याला एकदा बोललो होतो की मी चौदामध्ये बसतो. ख्रिसमसला. तळलेला मासा खाताना. ते हसत होते, आणि एकदम हसायचे थांबले. मला वाटलं काटा अडकला."

"धर्मपिता कोण तुझे?"

"ओल्दाकाका. माझ्या बाप्तिस्म्याला तेच उभे होते, आणि बाबा गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं." तो जरा घुटमळला. "ते सैन्यात मोठे आहेत. इथे कुणाला सांगायचं नाही असं आमचं ठरलंय. लोक म्हणतील, वशिल्याचा तट्टू."

ओल्दा म्हणजे ओल्द्रीख. ओल्द्रीख पालास. वाशुतोव्हाने पुढचं विचारलं नाही. पोराला अजून कळलेलं नव्हतं, आणि ते आत्ता त्याला सांगायला तिची जीभ रेटेना.

पण एका घुटमळत्या पोराचं बोलणं आणि एक फोन एवढ्यावर जनरल अडकत नाही. ते म्हणतील, गाडीत माणूस हवा होता, बदली केली. त्यांना दोष ठाऊक होता हे त्यांच्याच पायांनी सांगायला हवं होतं.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने तिघांना मैदानावर बोलावलं. टेकडीवर एक तोफ होती, तिच्यापाशी द्रलीक. खाली चिखलात दोन कुना मागची दारं उघडून उभ्या होत्या. रस्त्यालगत दुसऱ्या तुकडीतली १६ नंबरची, आणि तिच्या पलीकडे, नांगरल्यासारख्या चिखलापल्याड, ४ नंबरची. दोन्ही झेंडीपासून सारख्याच अंतरावर.

"अहवालात म्हटलंय, गोळा कमी पडला म्हणून माणूस मेला," वाशुतोव्हा म्हणाली. "तसं असेल तर योग्य अंतरावरच्या गोळ्याने आतल्या माणसाला काही होणार नाही. द्रलीक आज त्याच झेंडीवर एक गोळा टाकेल. आपण आत बसू. मीसुद्धा. काही झालं नाही तर मी अहवालावर सही करते आणि द्रलीक तुरुंगात जातो."

"हा काय पोरखेळ आहे," बार्तोन म्हणाला.

"तुम्ही प्लेटा मोजल्या आहेत ना, कर्नल?"

बार्तोनने दात आवळले आणि तो १६ नंबरमध्ये चढला. डाव्या बाजूला, मागे, जिथे विलेम बसला होता तिथेच बसला. स्कोपाल घाम पुसत त्याच्यामागे गेला. "माझी भाची बसते तर मी बसायला काय झालं," तो पुटपुटला.

"जनरलसाहेब?"

पालासांनी दोन्ही गाड्यांकडे पाहिलं. "इथे गर्दी होईल," ते शांतपणे म्हणाले. "मी त्या दुसरीत बसतो."

आणि ते निघाले. इस्त्रीची विजार, पॉलिश केलेले बूट. १६ नंबरचं उघडं दार हाताच्या अंतरावर सोडून ते चिखलात उतरले. बूट घोट्यापर्यंत रुतले, मग पोटऱ्यांपर्यंत. वाशुतोव्हाने त्यांना अर्ध्या वाटेपर्यंत जाऊ दिलं.

"साहेब, त्या गाडीचं दार बंद होत नाही. परत या. इथे आणखी चौघांची जागा आहे."

जनरल थांबले. वळले नाहीत.

"मला कामं आहेत, मेजरबाई. हा तमाशा बंद करा. हा माझा हुकूम आहे."

वाशुतोव्हाने वायरलेस उचलला. "द्रलीक, तोफ रिकामी आहे ना?"

"सकाळपासून रिकामीच आहे, मेजरबाई."

ती चिखलात उतरली आणि पालासांच्या समोर जाऊन उभी राहिली. त्यांच्या मागे स्कोपाल आणि बार्तोन १६ नंबरच्या दारातून डोकावत होते.

"दुसऱ्या तुकडीच्या गाड्यांना वजनाच्या प्लेटा लावल्यात," ती म्हणाली. दोघांचेही चेहरे पांढरे पडलेले तिला दिसले. "पेट्या धाडू शकणारी माणसं तीन. स्कोपालने आपली भाची त्या गाडीत बसू दिली. ठाऊक असतं तर बसू दिली नसती. बार्तोन सरावाच्या दिवशी स्वतः तसल्याच गाडीत होता, आणि आत्ताही बसलाय. मूर्ख आहे, पण त्याला ठाऊक नव्हतं. तुम्ही आपल्या धर्मपुत्राला चौदातून काढून चारमध्ये बसवलंत. आणि आज उघडं दार सोडून पोटरीभर चिखल तुडवत त्याच चारकडे निघालात. कारण सांगा. गर्दीचं सोडून दुसरं."

पालासांनी चिखलाकडे पाहिलं. त्यांच्या आवाजात लाज नव्हती, कंटाळा होता.

"ओतकारखान्याकडून खऱ्या प्लेटा उन्हाळ्याशिवाय मिळणार नव्हत्या. समारंभाची तारीख ठरलेली होती. मित्रराष्ट्रांचे पाहुणे येणार होते. आपण शब्द दिला होता, अमक्या दिवशी इतक्या गाड्या. सगळा युरोप एकमेकांच्या गाड्या मोजतोय, बाई. प्लेटा उन्हाळ्यात बदलणारच होतो. हे युद्ध नव्हतं. सराव होता."

"सरावातला गोळा खराच असतो."

"हजारात एकदा..."

"मग त्या एकदामध्ये श्तेपान का नको होता?"

जनरल रुतलेला बूट चिखलातून ओढू लागले.

"तुमच्यापाशी सगळ्या बटालियनला वाचवायला एक फोन होता," ती म्हणाली. ती ओरडत नव्हती, पण शब्द दातांखालून येत होते. "तो फोन तुम्ही केलात. एकाच पोरासाठी. उरलेल्यांना तारखेच्या तोंडी दिलंत. आणि पोरगं मेल्यावर खापर फोडायला दुसऱ्याचं पोरगं शोधलंत. चला. चिखलातूनच चला, गाडी येणार नाही."

६

पालासांना प्रागला नेलं. द्रलीक सुटला. तो वाशुतोव्हाला भेटायला आला आणि नुसता सॅल्यूट करून गेला. संरक्षण मंत्रालयाने दोन ओळींचं पत्रक काढलं: काही गाड्यांमध्ये तांत्रिक त्रुटी आढळली, चौकशी चालू आहे. विलेमचं नाव त्यात नव्हतं. त्याची आई ते पत्रक कुठे वाचेल, स्वयंपाकघरात की बसस्टॉपवर, हे वाशुतोव्हाच्या डोक्यातून जाईना.

तिसऱ्या दिवशी मंत्रालयातून फोन आला. तिकडून बोलणाऱ्या बाईंचा आवाज गोड होता.

"पुढच्या तुकडीचा समारंभ ठरल्याप्रमाणेच होईल. पाहुण्यांना निमंत्रणं गेली आहेत. तोपर्यंत दुसऱ्या तुकडीच्या गाड्या आहेत तशाच दिसू देत. फोटो बरे यायला हवेत. आपलं सहकार्य असेलच."

वाशुतोव्हा फोन कानाला लावून खिडकीशी गेली. खाली संचलनाच्या मैदानावर बटालियन जमली होती. रेनाता हत्यारांच्या पेटीतून नटबोल्टचे पाने वाटत होती. पोरं दुसऱ्या तुकडीच्या गाड्यांवर चढून बोल्ट सोडवत होती. एकेक प्लेट खाली येत होती, चौघे ती उचलून मुख्य दरवाज्यासमोर नेत होते आणि ढिगावर टाकत होते. काँक्रीटवर लोखंड आदळल्याचा आवाज फोनमध्येही गेला असावा.

"तिकडे काय चाललंय?" बाईंनी विचारलं. "कुणाच्या परवानगीने?"

परवानगी कुणीच दिली नव्हती. कुणी मागितलीही नव्हती.

"माझ्या," वाशुतोव्हा म्हणाली. "फोटो हवा असेल तर आत्ता माणूस पाठवा. ढीग मोठा होतोय." तिने फोन ठेवला.

ती खाली आली तेव्हा १४ नंबरपाशी श्तेपान एकटाच होता. त्याला सगळं कळलं होतं. आदल्या रात्री कळलं, आणि तेव्हापासून त्याने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. भोक पडलेल्या प्लेटेचे बोल्ट त्याने सोडवले होते, आणि ती खांद्यावर तोलून धरली होती. ती एकट्याने उतरणारी नव्हती. आजूबाजूला पोरं काम करत होती, कुणी त्याच्याकडे वळत नव्हतं.

"माझ्या नावाने बोंबला पाहिजे तर," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "पण ही आधी उतरवा."

कुणी हललं नाही.

वाशुतोव्हाने कोट काढून जमिनीवर टाकला. ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि प्लेटेखाली तिने आपला खांदा दिला. लोखंड गार होतं, आणि विश्वास बसणार नाही इतकं जड.

"मी आता त्यांच्याशी बोलू नको का, मेजरबाई?" त्याने विचारलं. "ओल्दाकाकांशी?"

"ते तुझं तू बघ. मला तुझ्या काकाचा राग आहे, तुझा नाही." तिने पाय रोवले. "उचल."

त्यांनी उचललं, पण चार पावलं जाताच प्लेट तिच्या बाजूने खाली कलली. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी प्लेटेची कड धरली. विलेमला कटकट्या म्हणणारा तोच सैनिक. तो श्तेपानकडे बघत नव्हता, समोर ढिगाकडे बघत होता. त्याच्यामागून आणखी एकजण आला.

चौघे चालत राहिले.